बिघाड नसलेला बिघाड

लॅपटॉपवर गेम अडकायला लागला की सल्ल्यांना तोटा नसतो. रॅम वाढव, ड्रायव्हर अपडेट कर, नाहीच जमलं तर फॉरमॅट मार. या सगळ्यांमागे एकच समजूत असते: यंत्राला स्वतःचा ठरलेला वेग आहे आणि कुठेतरी काही बिघडल्याने तो मिळत नाही. माझ्या मते लॅपटॉपपुरती ही समजूत जानेवारी २०००मध्येच निकालात निघाली. त्या महिन्यात इंटेलने ‘स्पीडस्टेप’ असलेला मोबाइल पेंटियम थ्री आणला. चार्जर लावलेला असेल तर ६५० मेगाहर्ट्झ, बॅटरीवर ५००. वेग कमी-जास्त करण्याची सोय त्याआधीही होती म्हणा. जुन्या डेस्कटॉपवरचं ‘टर्बो’ बटण त्याचसाठी असे. १९८१च्या आयबीएम पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झवर बेतलेले गेम नव्या यंत्रावर खेळता येणार नाहीत इतके भरधाव सुटत, म्हणून ते बटण दाबून यंत्राला आवरायचं. पण तिथे निर्णय खेळणाऱ्याचा होता. स्पीडस्टेपपासून तो यंत्र स्वतःच घेऊ लागलं.

असं का झालं, याचं उत्तर उष्णतेत आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४मध्ये मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर चिपच्या तेवढ्याच जागेत जळणारी वीज वाढत नाही. तीसेक वर्षं उद्योग या हिशेबावर चालला. मग व्होल्टेज उतरायचं थांबलं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने पुढचा प्रत्येक मेगाहर्ट्झ महाग पडू लागला. नोव्हेंबर २०००मध्ये १.५ गिगाहर्ट्झवर आलेला पेंटियम फोर चार वर्षांत ३.८वर पोचला, पण ११५ वॉटच्या किमतीला. ४ गिगाहर्ट्झचा बेत इंटेलने ऑक्टोबर २००४मध्ये सोडून दिला. इस्रायलमधल्या हायफामध्ये घडवलेला पेंटियम एम २००३मध्ये १.६ गिगाहर्ट्झवर आणि २४.५ वॉटमध्ये त्या वेळच्या लॅपटॉपमधल्या पेंटियम फोरच्या तोडीस तोड काम करत होता. शहाणपणाची वाट हीच होती, पण जाहिरातीला मोठा आकडा लागतो. तो ‘टर्बो बूस्ट’ने परत आणला. २००९चा लॅपटॉपसाठीचा आय-७ ७२०क्यूएम मुळात १.६ गिगाहर्ट्झचा होता, २.८ हा त्याचा आकडा एकाच कोअरवर भार असताना, तोही उष्णता परवानगी देईल तोवरच मिळे. ग्राफिक्स चिपचंही पुढे तेच झालं. २०२१मध्ये लॅपटॉपसाठीची आरटीएक्स ३०८० एका यंत्रात ८० वॉटवर, तर दुसऱ्यात १५० वॉटवर चालत होती. नाव मात्र तेच. ओरड झाल्यावर एनव्हिडियाने उत्पादकांना वॉट जाहीर करायला सांगितलं.

यावर कुणी म्हणेल, दरवेळी उष्णतेला दोष कशाला? गेम ढिसाळ लिहिलेले असतात, रॅमची एकच पट्टी बसवलेली असते, कधी गेम मोठं ग्राफिक्स कार्ड सोडून प्रोसेसरमधल्या छोट्या चिपवरच चालत राहतो. खरं आहे. पण ते दोष पहिल्या मिनिटापासून दिसतात. दहा मिनिटं नीट चाललेला गेम पंखा घोंघावू लागल्यावर लंगडायला लागला, तर संशय आधी उष्णतेवर घ्यावा. बाहेर पडणारी उष्णता चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. चिपची मर्यादा १०० अंश धरली, तर २५ अंशांच्या खोलीत हा फरक ७५ असतो आणि नागपुरात मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ६०. म्हणजे काहीही न बिघडता यंत्राची उष्णता फेकण्याची ताकद पाचव्या हिश्श्याने कमी होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही कंपन्यांची लबाडी आहे, भौतिकशास्त्राआड तिला लपवू नका. आकडे छापण्यातली लबाडी मान्य. पण प्रामाणिक आकडा छापल्याने चिप थंड होत नाही. मालकाच्या हातात एक खरा उपाय होता, तो म्हणजे सॉफ्टवेअरने व्होल्टेज थोडं उतरवणं. वेग तोच, उष्णता कमी. डिसेंबर २०१९मध्ये संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ जाहीर केलं: याच वाटेने प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं फोडता येतात. त्यानंतरच्या बायोस अपडेटांनी ती सोय अनेक लॅपटॉपांवर बंद केली. या उपायावर ज्यांचे गेम सुरळीत चालत होते, त्यांची यंत्रं अपडेटनंतर पुन्हा तापू लागली, आणि तिथे फॉरमॅट मारून काही होणार नव्हतं.