फास्टर फेणेची सुटी

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजेच 'फास्टर फेणे', येथे जमलेल्या बहुतेकांच्या ओळखीचा आहे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला, अंगाने काटकुळा आणि सायकलवर सदा स्वार. आमच्या युनियनच्या कचेरीत पुस्तकांचे एक कपाट आहे. त्यातले फेणेचे पुस्तक परत करताना तेरा वर्षांच्या एका मुलीने मला विचारले, "काकाजी, याले घरचं काम नसते काय?" पुस्तक तिने दोनदा वाचले होते. ते आवडलेही होते. पण चोरांच्या मागे दिवसभर हिंडायला या पोराला वेळ मिळतो कोठून, हे काही तिला उलगडेना. दिवाळीच्या सुमारास ती आईबरोबर कापूस वेचायला जाते.

साहित्याचे पंडित या प्रश्नाला हसतील. मला तो इतिहासाचा प्रश्न वाटतो.

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने ७ वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी केली. त्यावरच्या, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज ९ तास कामाची मुभा ठेवली. नऊ तास! शिवाय वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने कायद्याबाहेरच राहिले. जिनिंगसारख्या हंगामी धंद्याला ही वाट मोकळीच होती. आठवड्याची सुटीही कुणी आपणहून दिली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. १८९१ मध्ये कामाचे किमान वय ९ झाले आणि तास ७.

आता गंमत पाहा. वा. गो. आपट्यांनी मुलांसाठी 'आनंद' मासिक काढले १९०६ साली. म्हणजे एक मूल मासिकाची वाट पाहत होते, त्याच वर्षी त्याच्याच वयाचे दुसरे मूल कायद्याने गिरणीत सात तास उभे राहू शकत होते. कारखान्यांसाठी १२ ही मर्यादा १९२२ साली आली, १४ ची १९४८ साली. भागवतांचा फेणे त्यानंतरचा. तो राजपुत्र नाही, त्याच्याजवळ जादूची तलवार नाही, हे मला फार आवडते; पण त्याच्याजवळ सुटी आहे, आणि ती तलवारीहून दुर्मिळ होती.

शेताला मात्र कारखान्याचा कायदा लागत नाही. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिने १४ वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत बंदी केली, पण शाळा सुटल्यावर आणि सुटीत घरच्या कामाला हातभार लावण्याची सवलत ठेवली. पुस्तकातली पोरे भटकायला निघतात ती हीच सुटी.

परक्याच्या शेतातली वेचणी या सवलतीत बसत नाही. पण मजुरी किलोमागे मिळते, म्हणून जास्त हात न्यावे लागतात. आणि मुलीने वेचलेला कापूस आईच्याच गाठोड्यात तोलला जातो. हजेरीवर नाव एकट्या आईचे असते.