यलो फीवरची लस: नियम देशासाठी, निर्णय तुमच्यासाठी

केनियाची सफारी ठरली, तिकिटे निघाली आणि ट्रॅव्हल एजंटने यलो फीवरची लस घ्यायला सांगितली. तुमच्या मनात साहजिकच येते, 'आपल्याकडे हा आजार नाहीच, मग लस कशाला?' याचे उत्तर या लसीच्या इतिहासात आहे.

यलो फीवर म्हणजे पीतज्वर. हा विषाणूजन्य ताप आहे. बरेच रुग्ण बरे होतात, पण काहींचे यकृत बिघडते, कावीळ होते, रक्तस्राव होऊन जीव जातो. यावर नेमके औषध आजही नाही. हा आजार डासांमुळे पसरतो, असे क्युबातील डॉ. कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडले. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने ते सिद्ध केले. त्यात पथकातले डॉ. जेसी लाझीर यांचा याच आजाराने बळी गेला.

१९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये, असिबी नावाच्या रुग्णाचे रक्त संशोधकांनी ऱ्हीसस माकडाला टोचले. ही माकडे मूळची भारतातली. आफ्रिकेतली माकडे या विषाणूला सहसा दाद देत नाहीत, भारतीय माकड मात्र दगावले. त्याच्या जातीचा या विषाणूशी कधी संबंधच आला नव्हता. असिबीच्या रक्तातला तोच विषाणू मॅक्स थायलर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वारंवार वाढवून सौम्य केला. १९३७ साली '१७डी' लस तयार झाली. थायलर यांना १९५१ चे नोबेल मिळाले. आजची लस त्याच वंशातली आहे.

आता आपल्या नियमाकडे पाहा. यलो फीवर पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे घरोघरी आहे, तोच डेंग्यू पसरवतो. लोकांमध्ये या आजाराची प्रतिकारशक्ती नाही. नाही तो फक्त विषाणू. म्हणून बाधित देशातून प्रमाणपत्राशिवाय परतलात, तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात. हा नियम देशाच्या रक्षणासाठी आहे.

तुमच्यासाठी लस योग्य आहे का, हा वेगळा प्रश्न. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि ती कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात. म्हणून अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना सांगा. गरोदरपण, स्तनपान, साठीनंतरचे वय आणि नऊ महिन्यांखालचे बाळ यांबाबतही आधी विचारा. साठीनंतर गंभीर दुष्परिणाम दुर्मीळच असतात, पण तरुणांपेक्षा जास्त दिसतात. लस घेता येत नसेल तर डॉक्टर तसे पत्र देऊ शकतात. पण पत्र डासाला अडवत नाही. अशा वेळी सहलीचे ठिकाण बदलणेही शहाणपणाचे ठरते.

बाकी निरोगी प्रवाशांनी लस जरूर घ्यावी. ती फक्त सरकारमान्य केंद्रातच घ्या, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, कारण प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. पासपोर्टसोबत जपून ठेवा.