अडकलेल्या बोल्टची कुळकथा

आजची गोष्ट नट-बोल्टची. आमच्या गोराईच्या गटाकडे एक जुना टेम्पो आहे. गेल्या पावसाळ्यानंतर त्याचं मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, पण चारातला एक नट काही सुटेना. आमच्यातली एक पान्यावर उभी राहिली, तेव्हा नटाचे कोपरेच गेले आणि पाना गरगर फिरू लागला. बोरिवली समोर खाडीपलीकडे दिसते, पण लाँचमध्ये दुचाकी चढते, चारचाकी नाही. टेम्पोला उत्तन-भाईंदरचा वळसा. त्या दिवशी भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन लाँच गाठली. जेवढी नेता आली तेवढीच विकली, बाकीची सुकली.

तेव्हापासून आम्ही या नटाच्या मागे लागलो.

दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी प्रत्येक बोल्टचे आटे कारागीर आपल्या हाताने पाडायचा. त्यामुळे एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसायचा नाही. जोड्या चुकू नयेत म्हणून त्यांवर खुणा करून ठेवत. १८००च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी एकसारखे आटे पाडणारं लेथ यंत्र केलं. त्यांच्याच कारखान्यात काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी बऱ्याच कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापं पाहिली, आणि १८४१ साली सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं. आट्यांचा कोन ५५ अंश. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स म्हणाले, ६० अंशाचा पाडायला सोपा. म्हणजे माप एक करायला निघाले आणि झाली दोन! युरोपात मिलिमीटरचं तिसरंच.

आपल्या मुंबईत रेल्वे आणि गिरण्यांची यंत्रं इंग्रजांकडून आली, म्हणून पानेही इंची आले. पुढे १९५६ साली आपल्याकडे दशमान मापांचा कायदा झाला. पण पेटीतले पाने कोण टाकून देतं? मुंबईच्या रस्त्यावर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट मिलिमीटरची आणि अँबॅसडर इंचाची, अशा दोन्ही धावत होत्या. गॅरेजवाल्याला दोन्ही संच ठेवावे लागत.

आमची चूक इथेच सापडली. आमच्यातल्या एकीचे वडील गिरणीत फिटर होते. त्यांची पेटी आम्ही वापरत होतो. पाना होता ७/८ इंची, म्हणजे साधारण २२.२ मिलिमीटर. नट २१ चा. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण सव्वा मिलिमीटर सैल पाना जोर लावला की कोपरे खातो. दोष गंजाचा तसा आमचाही, हे कबूल केलेलं बरं.

गंज मात्र आपल्या किनाऱ्याचा खास पाहुणा. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की तो धरतो, आणि खारं वारं त्याला घाई करतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांत पाचरीसारखा ठोकून बसतो.

आणखी एक गंमत. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत. ज्याला माहीत नसे, तो सोडवायच्या नादात नट आवळत बसे. सायकलचं डावं पेडल आजही तसंच असतं, घरी पाहून घ्या.

तर आमचा नट कसा निघाला? आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडला. गंज सोडवणारं तेल मारलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. घाई केली असती तर बोल्टच तुटला असता, मग ड्रिलशिवाय गत नाही. सकाळी नटावर हातोडीने चौफेर हलके ठोके दिले, त्या हादऱ्याने तेल आत उतरतं. मग त्याच जुन्या पेटीतला १३/१६ इंची सॉकेट काढला. तो २०.६ मिलिमीटरचा, नटाहून जरासा लहान. झिजलेल्या नटावर हातोडीने ठोकून बसवला, तो घट्ट चावला. चाक जमिनीवरच ठेवलं होतं, जॅकवर नाही, नाहीतर गाडी घसरते. आधी किंचित आवळायच्या बाजूला, मग सोडायच्या बाजूला, असं मागेपुढे करत दांडीला लांब पाइप घालून दोघींनी ओढलं. कडकन आवाज झाला. आम्हाला वाटलं तुटला. पण नट सुटला होता.

तो नट पुन्हा लावला नाही, नवा आणला. आणि पेटीतल्या प्रत्येक इंची पान्याच्या दांडीवर आता लाल रंगाचा पट्टा आहे.