ऐंशीच्या पुढे काटाच नव्हता

मंडळी, परवा नातू आला होता. पुण्याजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. म्हणाला, "आजी, आमच्या यंत्राचं एक जुळं कॉम्प्युटरमध्ये राहतं." खऱ्या यंत्राला जागोजागी सेन्सर लावलेले, तापमान, दाब, थरथर यांची खबर सतत त्या जुळ्याकडे जाते आणि कुठला भाग दगा देणार हे आधी कळतं. याला 'डिजिटल ट्विन' म्हणतात. विमानांच्या इंजिनांपासून पवनचक्क्यांपर्यंत हेच चाललंय म्हणे. मी म्हटलं, "अरे, हे आम्ही १९७० साली रेडिओवर ऐकलंय!" तो हसला. म्हणून हा लेखनप्रपंच.

तेव्हा मी साताऱ्याला बी. ए. करत होते. अपोलो १३ हे यान ११ एप्रिलला चंद्राकडे निघालं आणि १३ तारखेच्या रात्री (आपल्याकडे १४ ची सकाळ) पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून दूर असताना त्याची ऑक्सिजनची टाकी फुटली. ह्यूस्टनमध्ये इतके आकडे एकदम बिघडले, की आधी वाटलं उपकरणंच चुकतायत. लॉव्हेल यांनी खिडकीतून पाहिलं, तर कसला तरी वायू बाहेर चाललेला!

सरावासाठी यानाच्या केबिनची हुबेहूब प्रतिकृती जमिनीवर होती. बंद केलेलं मुख्य यान तुटपुंज्या विजेवर कोणत्या क्रमानं सुरू करायचं, ते तिच्यात करून पाहिलं आणि मग यादी रेडिओवरून वाचून दाखवली. ती यादी करणाऱ्यांत केन मॅटिंग्ली होते. रुबेलाच्या संसर्गाची शक्यता म्हणून ऐनवेळी यानातून वगळलेले! १७ एप्रिलला तिघे सुखरूप समुद्रात उतरले. आम्ही मैत्रिणींनी पेढे वाटले होते, आठवतंय.

नातवाचं म्हणणं, ती प्रतिकृती यानाला जोडलेली कुठे होती? खरंय. खबर माणसं नेत होती. मायकेल ग्रीव्ह्ज यांनी जोडलेल्या जुळ्याची कल्पना मांडली ती २००२ साली. नाव आणखी उशिरा रुळलं. असो.

पण मला छळते ती टाकीची गोष्ट. उड्डाणाआधी मार्चमध्ये फ्लॉरिडात चाचणीनंतर टाकी रिकामी होईना, म्हणून आतला हीटर सुमारे आठ तास चालू ठेवला. ऊब वाढली की आपोआप बंद करणारे खटके आत होते, पण ते २८ व्होल्टचे आणि तळावरची वीज ६५ व्होल्टची. खटके वितळून चिकटले. आत उष्णता बहुधा हजार अंश फॅरनहाइटच्या घरात गेली आणि तारांवरचं वेष्टन जळालं. बाहेर तापमापक होता, माणूसही होता. पण तापमापकाची पट्टी ८० अंशांपर्यंतच! टाकी त्याहून तापणारच नाही, असं धरलेलं. काटा ८० वर थांबला. बघणाऱ्याला सगळं ठीक दिसलं. तशीच टाकी यानातून गेली.

त्या जागी कॉम्प्युटरमधलं जुळं असतं, तर त्यालाही ८० च कळलं असतं ना?

नातवाला विचारलं, "तुमच्या सेन्सरची पट्टी कुठे संपते रे?" तो जरा थांबला. म्हणाला, "सोमवारी बघून सांगतो."