कराकोरम खिंड : उंची आणि दुर्गमता

पर्वतीय मार्गांच्या इतिहासाचा विचार करताना खिंडीची उंची हेच तिच्या दुर्गमतेचे माप होय, असे आपण सहज गृहीत धरतो. लेह व यारकंद ह्या दोन बाजारपेठांमधील मार्गावरची कराकोरम खिंड हे गृहीत पुन्हा तपासून पाहावयास लावते.

ही खिंड सुमारे ५,५४० मीटर (१८,१७६ फूट) उंचीवर असून ह्या मार्गावरील खिंडींत ती सर्वांत उंच आहे. दक्षिण उताराचे पाणी श्योक नदीवाटे सिंधूला व पुढे अरबी समुद्राला मिळते. उत्तरेकडील पाणी यारकंद नदीतून तारीम खोऱ्याच्या वाळवंटाकडे जाते. एवढा महत्त्वाचा जलविभाजक ओलांडताना तांड्यांना मात्र विशेष बिकट चढण लागत नसे. दक्षिणेकडील दौलत बेग ओल्डी हा मुक्कामच सुमारे ५,१०० मीटर उंचीवर आहे. तेथून माथ्यापर्यंतचा चढ सौम्य आहे. पावसाळी वारे दक्षिणेकडील रांगांवरच बहुतांशी रिते होत असल्याने येथे हिमवृष्टी बेताची होते आणि खिंडीवर हिमनदी नाही. ‘कराकोरम’ ह्या तुर्की नावाचा अर्थही ‘काळी खडी’ असाच सांगतात.

याउलट नुब्रा खोऱ्यातून वर चढताना लागणारी सासेर खिंड सुमारे ५,४११ मीटर, म्हणजे कराकोरमहून कमी उंच आहे. परंतु तिच्यावर हिमनदी पसरलेली असल्याने तट्टे घसरत व पुष्कळदा माल याकांवर लादावा लागे. ह्यामुळेच मार्गाच्या दोन शाखा झाल्या. उन्हाळ्यात सासेरवरून जाणारी ती ‘ताबिस्तानी’. हिवाळ्यात श्योकचे पाणी ओसरून गोठले म्हणजे नदीच्या पात्रातून जाणारी ती ‘झमिस्तानी’. प्रवासाचा काळ व वाट खिंडीच्या उंचीपेक्षा बर्फ आणि पाणी ह्यांनीच ठरविली, असे दिसते.

दुसरी अडचण चाऱ्याची. नुब्रा खोरे मागे पडल्यावर उत्तरेस शहीदुल्लापर्यंत गवत नाममात्रच. जनावराला व्यापाऱ्याच्या मालाबरोबर स्वतःचा दाणाही वाहावा लागे. वाटेवर पसरलेल्या जनावरांच्या हाडांचा उल्लेख अनेक प्रवाशांनी केला आहे. १८७० साली ब्रिटिश सरकार व महाराजा रणबीरसिंह ह्यांच्यात झालेल्या व्यापारी तहात संयुक्त आयुक्तांबरोबरच मार्गावरील विश्रांतिगृहे व कोठारे ह्यांचीही तरतूद होती. व्यापाराचा खरा प्रश्न पुरवठ्याचा आहे, हे राज्यकर्त्यांनी ओळखले होते. त्या पुरवठ्याचा भार मात्र लडाखी खेडुतांवर वेठीच्या रूपाने पडला. ह्या मार्गाच्या इतिहासात त्यांची गणना व्यापारी व संशोधक ह्यांच्या बरोबरीने झाली पाहिजे.

अर्थात उंचीचा परिणाम नाकारता येणार नाही. काशगरचा सुलतान सईद खान १५३३ साली लडाखहून परतताना ‘दमगिरी’ने, म्हणजे विरळ हवेमुळे होणाऱ्या विकाराने, मरण पावला. मिर्झा हैदर ह्याने ‘तारीख-इ-रशिदी’त तो प्रसंग नोंदविला असून दौलत बेग ओल्डी हे नाव त्याच्याशी जोडले जाते. फॉरसाइथच्या दुसऱ्या शिष्टमंडळातील भूवैज्ञानिक स्टोलिच्का हाही १८७४ साली परतीच्या वाटेवर मुर्गो येथे निवर्तला. हे दोन्ही मृत्यू खिंडीच्या माथ्यावर नव्हे, तर तिच्या दक्षिणेकडील पठारी प्रदेशात व त्याच्या परिसरात झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. एका शिखरबिंदूपेक्षा दीर्घकाळ उंचीवर राहावे लागणे हेच अधिक घातक ठरले, असे अनुमान त्यावरून करता येते.

शतकानुशतके वाहता राहिलेला हा व्यापार १९४९ मध्ये सिंक्यांगमध्ये सत्तांतर झाल्यानंतर थांबला. हवामान, हिमनद्या किंवा चढ ह्यांत त्या वर्षी काहीही बदल झाला नव्हता. २०१९ साली श्योकच्या खोऱ्यातून दौलत बेग ओल्डीपर्यंत सुमारे २५५ किलोमीटरचा मोटाररस्ता पूर्ण झाला. खिंडीजवळ पोहोचणे पूर्वी कधी नव्हते इतके सुकर झाले. तरीही खिंड ओलांडून व्यापारी तांडा जात नाही. सारांश, दुर्गमता हा केवळ भूगोलाचा गुणधर्म नव्हे. बर्फ, पाणी, चारा, मनुष्यबळ आणि राजसत्ता ह्यांच्या संयोगातून ती घडते व बदलते. खिंडींचा इतिहास लिहिताना उंचीच्या आकड्याबरोबर ह्या पाचांचीही नोंद घेतली पाहिजे.