इंजिन बसलं, पण का?

आमच्या मुखेडकडं गाडीचं इंजिन जाम झालं की "इंजिन बसलं" म्हणतात. लगेच पुढचा प्रश्न येतो, "गाडी कोण चालवत होतं?" माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे : तेल कुठं अडलं होतं? हा प्रश्न विचारायला माणसाला फार काळ लागला.

वंगण आपल्याला नवीन नाही. आसाला एरंडेल घातल्याशिवाय वडील बैलगाडी जुंपत नसत. पण तेल आत नेमकं काय करतं, हे जगालाही बरीच वर्षं नीट कळलेलं नव्हतं. अमेरिकेत १८३९ मध्ये आयझॅक बॅबिट यांनी बेअरिंगसाठी कथील, तांबं आणि अँटिमनी यांचा मिश्रधातू काढला. हा धातू मुद्दाम मऊ ठेवलेला. झिजायचं तर बेअरिंगनं झिजावं, महागडा दांडा वाचावा, हा हिशेब.

पुढं इंग्लंडात बीचम टॉवर हे रेल्वेच्या आसांवर प्रयोग करत होते. १८८३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेल सोडायला त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर छिद्र पाडलं, तर तेल आत जायचं सोडून उलट वर येऊ लागलं. बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी दाबमापक लावला. बेअरिंगवर सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड, आणि काटा गेला २०० च्या वर! म्हणजे फिरणारा दांडा स्वतःच तेल खाली ओढून घेतो आणि त्या तेलावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं.

मोटारीच्या इंजिनात हेच चालतं. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात जेमतेम केसाएवढी फट असते. पंप ती तेलानं भरलेली ठेवतो. तेल तुटलं की धातूवर धातू घासतो आणि मऊ थर बघता बघता पुसला जातो.

आमच्याकडं मुखेड-जांब रस्त्यावर एक काळी-पिवळी जीप चालायची. तिचं इंजिन बसलं. मालकानं ड्रायव्हरला काढलं, "यानं तेल बघितलं नाही" म्हणून. नवी बेअरिंगं टाकली, नवा ड्रायव्हर ठेवला. महिन्याभरात पुन्हा तोच ठोका! या वेळी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेली. त्यांनी बेअरिंगच्या वाट्या एका पाटावर क्रमानं मांडल्या. मी शेजारीच उभा होतो.

ते म्हणाले, "गुरुजी, हे वाचायचं असतं. उभे ओरखडे आणि रुतलेले कण दिसले तर कचरा गेलाय. एकच वाटी जळाली असेल तर तिचंच भोक बुजलंय, नाहीतर वाटी उलटी बसवलीय. पण इथं सगळ्याच पुसल्यात, काळ्या पडल्यात, कण एक नाही. म्हणजे तेल मुळातच कमी येतंय." मग त्यांनी चेंबर उतरवलं. पंपाच्या जाळीवर पॅकिंगला लावतात त्या गमचे तुकडे अडकलेले होते. आधीच्या कामात कुणीतरी गम सढळ हातानं लावला होता. जाळी तशीच ठेवून दहा वेळा बेअरिंगं बदलली असती, तरी दहा वेळा इंजिन बसलं असतं.

मी वर्गात पानिपत शिकवलं. मुलं उत्तर लिहायची : विश्वासरावांना गोळी लागली, सैन्य पळालं, म्हणून हरलो. ते १४ जानेवारी १७६१ चं झालं. पण डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि फौज उपाशीपोटी रणात उतरली. मोडलं ते रणात दिसलं, तुटलं होतं आधीच, मागं कुठंतरी.

मिस्त्रींनी ती जाळी मालकाच्या हातात दिली. पहिल्या ड्रायव्हरला मात्र परत कुणी बोलावलं नाही. तो तोवर बायकापोरांसह ऊसतोडीला निघून गेला होता. बेअरिंग बाजारात मिळतं. माणसावर बसलेला ठपका असा बदलून मिळत नाही. म्हणून कुठंही काही बसलं, इंजिन असो की संसार, की शाळेतलं एखादं पोर, तर आधी जाळी बघावी. दोष द्यायला नंतर वेळ असतोच.