नाव तेच, किंमत वेगळी

मला एक नाद आहे. एकाच नावाची गाणी आणि सिनेमे शोधायचे आणि फोनमध्ये त्यांची यादी करायची. रहमानच्या १९९७ च्या अल्बममधलं ‘माँ तुझे सलाम’ घ्या. पाच वर्षांनी, २००२ मध्ये, त्याच नावाचा सनी देओलचा सिनेमा आला. नाव असं उचललं तर चालतं का? चालतं. २०१५ मध्ये ‘देसी बॉईज’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. म्हणजे नाव फुकट.

पण रहमानच्या त्या अल्बमचं नाव होतं ‘वंदे मातरम्’. त्या नावाचा माग काढत गेलो, तेव्हा कळलं की सगळीच नावं फुकट नसतात. आणि तो माग मला परत माझ्याच गावात, नागपुरात घेऊन आला.

बंकिमचंद्रांचं हे गीत १८८२ च्या ‘आनंदमठ’ कादंबरीतलं. १९०५ ला बंगालची फाळणी झाली आणि गाण्याचे पहिले दोन शब्द घोषणा बनले. सरकारला ती सहन होईना. नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात या घोषणेवरून केशव बळीराम हेडगेवार नावाच्या विद्यार्थ्याला शाळेबाहेर काढलं. तो पुढच्या शिक्षणासाठी यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेला.

१९२६ मध्ये भालजी पेंढारकरांनी ‘वंदे मातरम् आश्रम’ हा सिनेमा काढला. तो मूकपट होता, म्हणजे त्यातून गाणं ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्याला इंग्रजांच्या सेन्सॉरची कात्री लागलीच.

मग १९३८ साल. निजामाच्या राज्यात, उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहातल्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटलं. त्यावर बंदी आली. पोरं ऐकेनात, तेव्हा त्यांची नावं कमी केली. हैदराबाद आणि औरंगाबादच्या शेकडो विद्यार्थ्यांचं शिक्षण एका गाण्यापायी अधांतरी लटकलं. त्यांना दार उघडलं नागपूर विद्यापीठाने. टी. जे. केदार तेव्हा कुलगुरू होते. नागपूर निजामाच्या हद्दीबाहेर, मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी, आणि तिथे काँग्रेसचं मंत्रिमंडळ. पोरं बोचकी घेऊन इकडे आली.

त्यांच्यात एक होते पी. व्ही. नरसिंह राव. कायद्याची पदवी त्यांनी नागपुरातूनच घेतली, पुढे रामटेकमधून दोनदा खासदार झाले आणि १९९१ मध्ये पंतप्रधान.

म्हणजे बघा, याच दोन शब्दांपायी एकाला नागपूरची शाळा सोडावी लागली, तर दुसऱ्याला गाव सोडून नागपुरात यावं लागलं. एकाने संघ काढला, दुसरा काँग्रेसचा पंतप्रधान झाला. आज दोघांचे चाहते एका बाकावर बसायचे नाहीत. पण शाळा-कॉलेजच्या वयात दोघांनी एकाच गाण्याची किंमत मोजली होती.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, राम गबाले यांचा ‘वंदे मातरम्’ हा मराठी सिनेमा आला. त्यात पु. ल. आणि सुनीताबाई होते. गाणी गदिमांची, संगीत सुधीर फडक्यांचं. गदिमांनी त्यात या दोन शब्दांवर नवं गीतच लिहिलं. ज्या नावापायी दहा वर्षांपूर्वी पोरं कॉलेजबाहेर पडली, ते आता थिएटरबाहेर पोस्टरवर झळकत होतं.

या गाण्यावर सगळे एकमत कधीच नव्हते. पुढच्या कडव्यांतल्या देवीच्या स्तुतीला अनेक मुसलमानांचा आक्षेप होता, म्हणून १९३७ मध्ये काँग्रेसने सभांमध्ये पहिली दोनच कडवी म्हणायचं ठरवलं. २४ जानेवारी १९५० ला ‘जन गण मन’ राष्ट्रगीत झालं आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्याइतकाच मान दिला गेला.

आता भांडण उलटं आहे. हे गाणं म्हणायची सक्ती करावी की नाही, यावर टीव्हीवर आरडाओरडा चालतो. तो ऐकताना मला १९३८ ची ती पोरं आठवतात. गाणं म्हणा, असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणू नका, असं मात्र बजावलं होतं. तरी ती गायली, म्हणून त्या गाण्याला वजन आलं. हुकमावर गायलेल्या गाण्याला ते कुठून येणार?

माझ्या यादीत आता ‘वंदे मातरम्’पुढे अल्बम आहे, सिनेमा आहे, मूकपटही आहे. त्याखाली मी एक ओळ वाढवली आहे: नागपूर विद्यापीठ, १९३८.